कॉम्प्युटरवर अनोळखी फायली दिसल्या की लोक मला जे विचारतात ते सगळं एका जागी

परवा रविवारी सकाळी चहाही झाला नव्हता तर सांगलीहून मामांचा फोन. "अरे, डेस्कटॉपवर दोन फायली आल्यात, गिअरचं चित्र आहे त्यांच्यावर, डिलीट करतोय तर परत येतायत, बँकेचा पासवर्ड बदलू का?" असे फोन महिन्याला तीनचार तरी येतात आणि प्रत्येक वेळी तेच तेच सांगून घसा कोरडा पडतो, म्हणून एकदाच लिहून काढलं. मी सिक्युरिटी कंपनीत वगैरे नाही, नातेवाईकांचे आणि सोसायटीतल्या लोकांचे कॉम्प्युटर बघून बघून जे कळलंय ते आहे हे. बहुतेक सगळं विंडोजबद्दल आहे कारण घरोघरी तेच असतं. फायलींची नावं आणि कमांड फोनवर सांगतो तशाच लिहिल्यात, म्हणजे डॉट म्हटलं की टिंब टाकायचं.

डेस्कटॉपवर डेस्कटॉप डॉट आयएनआय नावाच्या दोन फायली आल्यात. व्हायरस आहे का?

नाही. त्या आधीपासूनच होत्या, फक्त दिसत नव्हत्या. फोल्डरचं चित्र कुठलं, नाव कसं दाखवायचं असल्या बारीकसारीक गोष्टी विंडोज त्या फायलीत लिहून ठेवतं. दोन का, तर तुम्हाला जो एक डेस्कटॉप दिसतो तो खरं तर दोन फोल्डर मिळून बनतो, एक तुमच्या युजरचा आणि एक सगळ्यांचा मिळून पब्लिक, आणि दोघांची आपापली एकेक फाईल. कोणीतरी लपवलेल्या फायली दाखवायचं सेटिंग चालू केलं की त्या बाहेर दिसायला लागतात. डिलीट केल्यात तर फार काही बिघडत नाही, विंडोज परत बनवतं, आणि लोकांना नेमकं तेच भुताटकीसारखं वाटतं.

मग एखादी फाईल ओळखीची नसेल तर पहिलं काय करायचं?

पहिलं म्हणजे डिलीट करायचं नाही आणि डबल क्लिकही करायचं नाही. मग तीन गोष्टी बघायच्या, कुठे आहे, कधी आली, कोणाची आहे. नावावर जाऊ नका, नाव कोणीही काहीही देऊ शकतं. एसव्हीसीहोस्ट डॉट ईएक्सई हे नाव लोकांना फार भीतीदायक वाटतं पण ती विंडोजच्या सिस्टिम३२ फोल्डरात असेल तर तिथलीच आहे, तीच जर तुमच्या डाउनलोड्समध्ये किंवा टेम्प, म्हणजे तात्पुरत्या फायलींच्या फोल्डरमध्ये बसलेली असेल तर मात्र गडबड आहे.

"कधी" ची एक गंमत सांगतो. फाईलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा, तिथे क्रिएटेड आणि मॉडिफाइड अशा दोन तारखा असतात. मॉडिफाइड २०१९ ची आणि क्रिएटेड कालची, असं उलटं दिसलं की लोक घाबरतात, की बनायच्या आधी बदलली कशी? सहसा अर्थ एवढाच की जुनी फाईल काल इथे कॉपी झाली. म्हणजे कॉम्प्युटरवर ती कधी आली हे क्रिएटेडवरून कळतं. मग ते फोल्डर तारखेप्रमाणे लावून त्याच मिनिटाला अजून काय काय आलं ते बघायचं. आमच्या शेजारच्या काकूंकडे रात्री ९ वाजून १४ मिनिटांनी सहा अनोळखी फायली आल्या होत्या, त्याच मिनिटाला प्रिंटरचं फोल्डरही बनलं होतं आणि त्याच रात्री त्यांच्या मुलाने नवा प्रिंटर जोडला होता. संपला विषय.

"कोणाची" साठी त्याच प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सिग्नेचर्स नावाचा टॅब असतो का ते बघा. ईएक्सई किंवा डीएलएल, म्हणजे प्रोग्रामची, फाईल असेल आणि तिथे ओळखीच्या कंपनीची सही असेल तर जीव थोडा भांड्यात पडतो. सही नाही म्हणजे व्हायरसच असंही नाही, छोट्या डेव्हलपरना ती परवडत नाही आणि विंडोजच्या स्वतःच्या कितीतरी फायलींवर हा टॅब दिसतच नाही. पण सही नाही, जागा टेम्पमधली आणि तारीख कालची, असं तिन्ही जुळलं की मी तरी जागा होतो.

आणि फाईल नेटवरून आलेली असेल तर विंडोज तिच्यावर एक अदृश्य चिठ्ठी चिकटवतं, तिला झोन आयडेंटिफायर म्हणतात. प्रॉपर्टीजमध्ये खाली "ही फाईल दुसऱ्या कॉम्प्युटरवरून आली आहे" अशा अर्थाची इंग्रजी ओळ आणि अनब्लॉकचा चौकोन दिसला तर ती चिठ्ठी आहे असं समजा. मग ब्राउझरच्या डाउनलोड हिस्ट्रीत जाऊन बघा, आपणच कधीतरी क्लिक केलेलं असतं, दहातले आठ वेळा.

सी ड्राइव्हमध्ये हायबरफिल डॉट एसवायएस आणि पेजफाइल डॉट एसवायएस अशा अवाढव्य फायली आहेत, जागा खातायत. उडवू?

हाताने उडवू नका, विंडोज उडवूही देणार नाही. पेजफाइल म्हणजे रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा, तिला हात लावू नका. हायबरफिल ही हायबरनेट आणि फास्ट स्टार्टअपसाठी असते आणि विंडोज १० पासून साधारण रॅमच्या ४० टक्के एवढी जागा धरते, म्हणजे १६ जीबी रॅम असेल तर सहासाडेसहा जीबी गेले. नकोच असेल तर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश एच, स्पेस, ऑफ असं टाइप करा, फाईल आपोआप जाते, मात्र कॉम्प्युटर चालू व्हायला थोडा जास्त वेळ लागेल मग मला फोन करू नका.

विंडोज अपडेट झालं आणि सी ड्राइव्हमध्ये आयनेटपब नावाचं रिकामं फोल्डर आलं. कोणी हॅक केलं का?

हा प्रश्न एप्रिल २०२५ मध्ये जगभर विचारला गेला, कारण त्या महिन्याच्या अपडेटने खरंच सगळ्यांच्या मशीनवर हे फोल्डर गुपचूप बनवलं. आयनेटपब हे मुळात मायक्रोसॉफ्टच्या वेब सर्व्हरचं फोल्डर, घरच्या कॉम्प्युटरवर त्याचं काही काम नाही, म्हणून लोकांनी रिकामं दिसलं तसं धडाधड डिलीट केलं. नंतर मायक्रोसॉफ्टने सांगितलं की एक सुरक्षेची फट बुजवायला ते फोल्डर मुद्दाम बनवलंय, डिलीट करू नका. आता हे आधी सांगायला काय झालं होतं! पण असो. उडवलं असेल तर कंट्रोल पॅनेलमधल्या टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ मध्ये जाऊन इंटरनेट इन्फर्मेशन सर्व्हिसेस चालू केलं की फोल्डर योग्य परवानग्यांसकट परत येतं, मग ते फीचर बंद करून टाका, फोल्डर राहतं. नुसतं हाताने त्या नावाचं फोल्डर बनवून उपयोग नाही.

डी ड्राइव्हवर आकडे आणि अक्षरांच्या खिचडीचं नाव असलेलं फोल्डर आहे, डिलीटही होत नाही.

मायक्रोसॉफ्टचे काही इन्स्टॉलर आपल्या फायली तात्पुरत्या उघडायला ज्या ड्राइव्हवर सगळ्यात जास्त जागा मोकळी असेल तो ड्राइव्ह पकडतात, काम झालं की आवरायचं विसरतात. म्हणून हा पसारा सी सोडून डी वर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर दिसतो. असंच व्हिज्युअल सी प्लस प्लस २००८ च्या पॅकेजने कितीतरी लोकांच्या ड्राइव्हवर ईयूएलए आणि पुढे आकडे अशा नावांच्या दहाबारा टेक्स्ट फायली, इन्स्टॉल डॉट ईएक्सई आणि व्हीसी रेड नावाच्या फायली उघड्यावर टाकून दिल्या, ती चूक मायक्रोसॉफ्टने मान्यही केली होती. गेम टाकला की हे पॅकेज सोबत येतं, त्यामुळे पोरांच्या कॉम्प्युटरवर हमखास. रीस्टार्ट करून मग उडवा.

विंडोज डॉट ओल्ड?

जुनं विंडोज. मोठं अपडेट झाल्यावर १० दिवसांनी आपोआप जातं, घाई असेल तर स्टोरेज सेटिंगमधून काढा.

वर्डच्या फाईलशेजारी तसंच नाव पण पुढे वळणदार रेघ आणि डॉलर असलेली दुसरी फाईल दिसते, उघडत नाही.

वर्डने घातलेलं कुलूप आहे ते. फाईल कोणीतरी उघडलीय हे दुसऱ्याला कळावं म्हणून तेवढ्यापुरती बनते, आत उघडणाऱ्याचं नाव असतं, साइज फक्त १६२ बाइट. वर्ड बंद केलं की जाते. लाइट गेली किंवा वर्ड मधेच मेलं तर मागे राहते. वर्ड पूर्ण बंद करून खुशाल डिलीट करा, तुमचं लिखाण मूळ फाईलमध्ये आहे.

थम्ब्स डॉट डीबी पण त्यातलीच, फोटोंची छोटी चित्रं साठवायची फाईल, एक्सपीच्या काळात प्रत्येक फोल्डरमध्ये असायची त्यामुळे जुन्या फोटोंच्या सीडी कॉपी केल्या की सोबत येते. निरुपद्रवी.

मी न टाकलेले फोटो, कोणाचे तरी असाइनमेंट, असं काहीबाही माझ्या डॉक्युमेंट्समध्ये आलंय. कोणीतरी आत शिरलंय ना?

शिरलं असेल पण बहुतेक घरातलंच कोणीतरी. हल्ली सगळ्यात जास्त फोन याचेच येतात. नवीन लॅपटॉप चालू करताना मायक्रोसॉफ्टचं अकाउंट मागतो, आपण घरातलं एकच अकाउंट सगळीकडे टाकतो आणि वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची फायली नेटवर साठवायची सोय, सगळ्या मशीनवरचे डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स गुपचूप एकमेकांशी जोडून टाकते. माझ्या बहिणीकडे हेच झालं, पोराने हॉस्टेलवर लॅपटॉपमध्ये आईचं अकाउंट टाकलं होतं आणि त्याचे "प्रोजेक्ट फायनल", "प्रोजेक्ट फायनल खरंच फायनल" असले फोल्डर हिच्या डेस्कटॉपवर उगवायला लागले, हिला वाटलं हॅकर. त्यात परत तिने घाबरून डिलीट केले तर तिकडे त्याचेही गेले, सबमिशनच्या आदल्या दिवशी. वनड्राइव्हच्या वेबसाइटवरच्या रिसायकल बिनमध्ये पर्सनल अकाउंटच्या फायली ३० दिवस राहतात म्हणून वाचला.

ओळखायचं कसं, तर फाईलच्या नावाच्या शेवटी डेस्कटॉप किंवा लॅपटॉप आणि पुढे काही अक्षरं चिकटलेली असतील तर ते त्या दुसऱ्या कॉम्प्युटरचं नाव आहे, दोन्हीकडे एकाच वेळी बदल झाला की वनड्राइव्ह अशी दुसरी प्रत करून ठेवतं. फाईलशेजारी ढगाचं किंवा हिरव्या टिकचं चित्र असेल तरी तेच. मात्र अकाउंटच्या साइटवर जाऊन डिव्हाइसेसची आणि अलीकडच्या साइन-इनची यादी एकदा बघाच, त्यात खरंच अनोळखी मशीन निघालं तर पासवर्ड बदला आणि दोन टप्प्यांची पडताळणी लावा.

पेन ड्राइव्ह झेरॉक्सवाल्याकडे नेला, परत आणला तर सगळे फोल्डर शॉर्टकट झालेत. फोटो गेले का?

हा मात्र खरा व्हायरस. आणि फोटो बहुतेक गेलेले नाहीत. आपल्याकडे हा प्रकार इतका जुना आहे की आता घरगुती झालाय, आधी न्यू फोल्डर डॉट ईएक्सई होता, फोल्डरचं पिवळं चित्र लावलेला प्रोग्राम, लोक फोल्डर समजून डबल क्लिक करायचे. तेव्हा ऑटोरन नावाची सोय पण होती, पेन ड्राइव्ह लावला की आतलं आपोआप चालायचं, मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २०११ मध्ये एक्सपी आणि व्हिस्टासाठीही अपडेट पाठवून पेन ड्राइव्हवरचं ते बंद केलं. मग व्हायरसवाल्यांनी शॉर्टकटची युक्ती काढली, आपोआप चालत नाही ना, मग माणसाकडूनच क्लिक करवून घ्यायचं.

होतं असं की व्हायरस तुमचे खरे फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचे शॉर्टकट बनवतो. तुम्ही शॉर्टकट उघडला की आधी व्हायरस चालतो आणि लगेच तुमचं फोल्डरही उघडून देतो, त्यामुळे काही झालंय असं वाटतच नाही. शॉर्टकटवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये टार्गेट वाचा, फोल्डरच्या नावाऐवजी सीएमडी, डब्ल्यूस्क्रिप्ट किंवा रनडीएलएल असलं काही लांबलचक दिसलं तर तोच.

क्रम महत्त्वाचा आहे. घरी आणून एकदा जरी शॉर्टकटवर क्लिक केलं असेल तर आधी कॉम्प्युटर साफ करायचा आणि मगच पेन ड्राइव्ह, नाहीतर इकडे साफ केलेला पेन ड्राइव्ह तिकडून परत बरबटतो, लोक चार चार वेळा हेच करतात आणि म्हणतात ॲंटीव्हायरस बोगस आहे. कॉम्प्युटरवर विंडोज सिक्युरिटी उघडून व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, स्कॅन ऑप्शन्स, आणि त्यात ऑफलाइन स्कॅन निवडा. मशीन रीस्टार्ट होऊन विंडोज सुरू व्हायच्या आधीच तपासणी होते, पंधरावीस मिनिटं लागतात, त्या वेळात लपून बसलेल्याला लपता येत नाही.

मग पेन ड्राइव्ह लावा, स्कॅन करा, शॉर्टकटना हात लावू नका. त्याचं अक्षर बघा, समजा ई आहे. कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि टाइप करा: ॲट्रिब, स्पेस, मायनस एच, स्पेस, मायनस आर, स्पेस, मायनस एस, स्पेस, स्लॅश एस, स्पेस, स्लॅश डी, स्पेस, ई कोलन बॅकस्लॅश स्टार डॉट स्टार. एंटर. थोडा वेळ काहीच होत नाही असं वाटेल, थांबा. मग लपवलेले फोल्डर दिसायला लागतील. कधी कधी सगळा माल एका नाव नसलेल्या फोल्डरमध्ये कोंबलेला असतो, नावाच्या जागी नुसती मोकळी जागा, ते उघडून बघा. फोटो आणि कागदपत्रं तेवढी कॉपी करा, ईएक्सई किंवा शॉर्टकट काही घेऊ नका, आणि पेन ड्राइव्ह फॉरमॅट करा.

झेरॉक्सच्या दुकानात काय, आधार केंद्रावर काय, तिथल्या कॉम्प्युटरला दिवसभरात शंभर जणांचे पेन ड्राइव्ह लागतात, त्या बिचाऱ्याचा तरी काय दोष. प्रिंटसाठी एक जुना छोटा पेन ड्राइव्ह वेगळा ठेवा, त्यात लागेल तेवढी एकच पीडीएफ टाकून न्या, आणि घरी आणल्यावर न उघडता फॉरमॅट मारा. लग्नाचे फोटो असलेली हार्ड डिस्क घेऊन झेरॉक्सला जाणारे लोक मी पाहिलेत.

पेन ड्राइव्हवर चिनी अक्षरांसारखी, चौकटींची नावं आहेत आणि ८ जीबीच्या ड्राइव्हवर कित्येक जीबीच्या फायली दाखवतोय.

व्हायरस कमी आणि बिघाड जास्त. पेन ड्राइव्हची यादी ठेवणारा भाग खराब झाला की असा कचरा दिसतो, तारखाही भलत्याच, २०९८ वगैरे. बहुतेक वेळा लिहिणं चालू असताना खेचून काढलेला असतो. आधी जे वाचता येतंय ते कॉपी करून घ्या. चेकडिस्क, म्हणजे विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करायचं टूल, नंतर चालवा, ते चालवल्यावर फाउंड डॉट ००० असल्या नावाचं फोल्डर आणि आत सीएचके फायली आल्या तर त्याही व्हायरस नाहीत, सापडलेले तुकडे आहेत.

फाईलचं नाव बरोबर पण आतला मराठी मजकूर अगम्य, हा वेगळाच प्रकार, तो जुन्या डीटीपी फाँटचा असतो. फाँट नाही म्हणून तसं दिसतं.

डॉट डीएस अंडरस्कोर स्टोअर, मॅकओएसएक्स नावाचं फोल्डर, टिंबाने सुरू होणाऱ्या फायली?

तुमचा पेन ड्राइव्ह कोणीतरी ॲपलच्या मॅकला लावला होता किंवा झिप फाईल मॅकवर बनली होती. उडवा नाहीतर ठेवा. सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन नावाचं फोल्डर दिसलं तर ते विंडोजचं, तेही असू द्या.

मेलमधून पीडीएफ आली, चित्र पीडीएफचंच आहे, पण उघडल्यावर काहीच झालं नाही.

"उघडल्यावर काहीच झालं नाही" हे ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. काहीतरी झालेलं असतं. विंडोज मुळातच फाईलच्या नावाचं शेपूट लपवतं, त्यामुळे बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई ही फाईल तुम्हाला बिल डॉट पीडीएफ दिसते आणि चित्र तर कुठलंही लावता येतं. युक्ती नवी नाही, मे २००० मध्ये आय लव्ह यू नावाचा व्हायरस जगभर पसरला तो असाच, लव्ह लेटर फॉर यू डॉट टीएक्सटी डॉट व्हीबीएस, शेवटचं व्हीबीएस कोणाला दिसलंच नाही. फाइल एक्सप्लोररमध्ये व्ह्यू, शो, आणि फाइल नेम एक्स्टेन्शन्स वर टिक करा. ही एक गोष्ट तरी आज कराच. मग ईएक्सई, एससीआर, व्हीबीएस, जेएस, बीएटी, एलएनके यांपैकी काही बिलाच्या किंवा कुरिअरच्या नावामागे दिसलं तर उघडायचं नाही.

डाउनलोड्समध्ये लग्नपत्रिका डॉट एपीके आहे, व्हॉट्सॲप वेबवरून आलीय.

एपीके हे अँड्रॉइड फोनचं ॲप असतं, विंडोजवर ते तसं चालत नाही, त्यामुळे कॉम्प्युटर ठीक आहे. पत्रिका, आरटीओचं चलन, बँकेची केवायसी अशा नावांनी फिरवतात आणि फोनवर टाकलं की एसएमएस वाचून ओटीपी पळवतात. इथून डिलीट करा आणि ज्याच्याकडून आली त्याला फोन करा, मेसेज नको, त्याचं व्हॉट्सॲप दुसऱ्याच्या ताब्यात असू शकतं. आणि घरात कोणी फोनवर उघडली का ते विचारा.

एनीडेस्क नावाचं काहीतरी दिसतंय, मी टाकलेलं नाही.

आधी घरात विचारा, विशेषतः ज्येष्ठांना, रागावून नाही. दूरून कॉम्प्युटर चालवायचं ते साधं कायदेशीर सॉफ्टवेअर आहे, ऑफिसात सर्रास वापरतात, पण "बँकेतून बोलतोय" म्हणणारे चोरही लोकांना तेच टाकायला लावतात, रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच त्याबद्दल बँकांना सावध केलं होतं. असा फोन येऊन गेला असेल तर नेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. इथे तासातासाने फरक पडतो, "आधी भाच्याला विचारतो" करू नका.

सगळ्या फायलींच्या नावापुढे चार विचित्र अक्षरं लागलीत, एकही उघडत नाही आणि प्रत्येक फोल्डरमध्ये रीडमी नावाची टेक्स्ट फाईल आहे.

वाईट बातमी, हे रॅन्समवेअर, म्हणजे फायलींना कुलूप घालून खंडणी मागणारा व्हायरस. घरच्या कॉम्प्युटरवर बरीच वर्षं सगळ्यात जास्त दिसलेला प्रकार म्हणजे स्टॉप किंवा डीजेव्हीयू, चिठ्ठीत ९८० डॉलर मागतो आणि ७२ तासांत दिलेत तर निम्मे, ४९०, म्हणजे सेल लागल्यासारखं. येतो कुठून तर फुकटच्या फोटोशॉपच्या क्रॅकमधून, म्हणजे चोरीच्या प्रतीतून, आणि येताना अनेकदा पासवर्ड चोरणारा भिडू सोबत आणतो.

नेट काढा, बाहेरची हार्ड डिस्क लावलेली असेल तर उपसा. ती चिठ्ठी आणि लॉक झालेल्या फायली डिलीट करू नका, उलट जपून ठेवा. दुसऱ्या मशीनवरून नो मोअर रॅन्सम नावाची साइट बघा, डच पोलीस, युरोपोल आणि अँटीव्हायरस कंपन्यांनी २०१६ मध्ये सुरू केलीय, चिठ्ठी आणि एखादी लॉक झालेली फाईल दिली की कुठला प्रकार आणि चावी उपलब्ध आहे का ते सांगते. डीजेव्हीयूच्या काही जातींची चावी मिळते, सगळ्यांची नाही. हा व्हायरस मोठ्या फाईलचा सुरुवातीचा साधारण दीडशे केबीचा तुकडाच लॉक करतो, त्यामुळे लांब व्हिडिओ कधी कधी दुरुस्त होतात, फोटो मात्र क्वचित. पैसे देऊ नका. आणि "शंभर टक्के रिकव्हरी" म्हणणाऱ्यालाही आगाऊ पैसे देऊ नका, दुसऱ्या मशीनवरून सगळे पासवर्ड बदला.

एक उलटी गोष्ट, डॉक्युमेंट्समध्ये विचित्र नावाची लपलेली फोल्डरं दिसली आणि बाकी सगळं ठीक असेल, तर ती रॅन्समवेअरसाठी लावलेला सापळाही असू शकतो. काही संरक्षक सॉफ्टवेअर अशा आमिषाच्या फायली मुद्दाम ठेवतात, त्यांना कोणी हात लावला की घंटा वाजते.

फाईल नुसती पडून आहे, उघडली नाही. तरी धोका?

सहसा नाही. अपवाद गाजलेला आहे, स्टक्सनेट, २०१० साली, पेन ड्राइव्हवरचं फोल्डर नुसतं उघडून शॉर्टकटचं चित्र दिसलं तरी पुरायचं, इराणच्या अणुकेंद्रासाठी बनवलेला पण इंडोनेशिया आणि आपल्याकडेही भरपूर पसरला. ती फट मायक्रोसॉफ्टने त्याच ऑगस्टमध्ये बुजवली. म्हणून अपडेट करत राहा असं सांगतो. विंडोज १० वाल्यांनी लक्षात घ्या, त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

फाईल चांगली की वाईट हे तपासायचं कुठे?

व्हायरसटोटल नावाच्या साइटवर. फाईल टाकली की सत्तरएक इंजिनं तपासून सांगतात. सत्तरातल्या एकदोघांनीच लाल दाखवलं, आणि तीही नावं कधी ऐकलेली नाहीत, तर बहुतेक चुकीचा इशारा. वीसतीस जणांनी दाखवलं तर बोलायलाच नको. पण एक लक्षात ठेवा, तिथे टाकलेली फाईल तुमची खासगी राहत नाही, पैसे भरणारे संशोधक ती उतरवून घेऊ शकतात. आधार, पगाराची स्लिप, बँकेचं स्टेटमेंट टाकू नका, एकाने खरंच पॅनकार्डची पीडीएफ टाकली होती "सेफ आहे का बघायला".

व्हॉट्सॲपवर आलंय की अमुक फाईल तुमच्या विंडोजमध्ये असेल तर लगेच डिलीट करा.

२००१ मध्ये ईमेलवर असंच फिरलं होतं, एसयूएलएफएनबीके डॉट ईएक्सई शोधा, व्हायरस आहे, डिलीट करा. पुढच्या वर्षी जेडीबीजीएमजीआर डॉट ईएक्सई, तिचं चित्र टेडी बेअरचं होतं म्हणून तर अजूनच संशय. लोकांनी शोधलं, सापडली, उडवली, वरून दहा जणांना मेल केला. दोन्ही विंडोजच्याच फायली होत्या. व्हायरस कुठेच नव्हता, साप साप म्हणून भुई धोपटली सगळ्यांनी.

मग खरा व्हायरस दिसतो कसा?

बऱ्याचदा दिसतच नाही, आणि हेच मला सगळ्यांना सांगायचं असतं पण फोनवर कोणी ऐकत नाही. डेस्कटॉपवर फाईल ठेवून आपली जाहिरात करायला त्याला काय पडलंय? हल्लीचे माहितीचोर येतात, ब्राउझरमधले पासवर्ड आणि लॉगिन उचलतात आणि कित्येकदा मागे काही ठेवत नाहीत. लुमा नावाच्या एकाच चोराने मार्च ते मे २०२५ या दोन महिन्यांत जगभरात ३ लाख ९४ हजार विंडोज मशीन पकडल्याचं मायक्रोसॉफ्टने सांगितलं होतं. त्याचा एक मार्ग म्हणजे खोटा कॅप्चा, "मी रोबोट नाही" वर क्लिक केलं की सांगतात विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल व्ही, मग एंटर. तुम्ही स्वतःच्या हाताने चोराची कमांड चालवता. कुठलीही खरी साइट हे सांगत नाही. असं केलं असेल तर एकही अनोळखी फाईल न दिसताही काळजी करा, दुसऱ्या मशीनवरून पासवर्ड बदला आणि सगळीकडून लॉगआउट करा.

नुसतं बघायचं असेल तर टास्क मॅनेजरमधला स्टार्टअप टॅब, ब्राउझरची एक्स्टेन्शन्स आणि विंडोज सिक्युरिटीमधली प्रोटेक्शन हिस्ट्री. तिथे काही नको ते दिसतं ते डेस्कटॉपवरच्या दहा फायलींपेक्षा जास्त बोलतं. थोडं पुढचं जमत असेल तर मायक्रोसॉफ्टचंच फुकट मिळणारं ऑटोरन्स, आपोआप सुरू होणाऱ्या सगळ्या प्रोग्रामची यादी दाखवतं.

दोन अँटीव्हायरस टाकले तर डबल सुरक्षा?

दोघं एकमेकांवरच संशय घेतात आणि मशीन रांगतं. एकच. विंडोजचा डिफेंडर घरासाठी मला पुरेसा वाटतो, विकत घ्यायचा असेल तर घ्या. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर साफसफाईची फुकट टूल्स मिळतात.

सरळ फॉरमॅट मारू का?

आयनेटपब बघून नको. रॅन्समवेअर, माहितीचोर किंवा कोणी रिमोटने आत येऊन गेलं असेल तर हो, मारा, त्यात कंजुषी नको. फोटो, कागदपत्रं तेवढी बाहेर काढा, सेटअप फायली नाही. आणि गल्लीतल्या पोराकडून पाचशे रुपयांत करून घेणार असाल तर विंडोज कुठलं टाकतोय आणि ॲक्टिव्हेट कशाने करतोय ते विचारा, कारण ॲक्टिव्हेटर, म्हणजे विंडोज फुकटात चालू करून देणारा चोरटा प्रोग्राम, चालवायला तो आधी डिफेंडर बंद करतो आणि पुष्कळदा तो तसाच बंद ठेवून जातो.

त्या लपलेल्या फायली परत लपवायच्या कशा?

फाइल एक्सप्लोरर उघडा, वरती तीन टिंबं, ऑप्शन्स, व्ह्यू टॅब. हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स वर टिक करा, ओके. मामांच्या दोन्ही फायली गेल्या, फोनवर तीन मिनिटांत. मात्र तोपर्यंत त्यांनी बँकेचा पासवर्ड बदलून टाकला होता आणि नवीन काय ठेवला ते आठवत नव्हतं, त्यामुळे सोमवारी शाखेत जाऊन बसले.